पहिली नऊ मिमी कार्बाइन घेताना : पाच बंदुका, एक खांदा

कॉलेजात एनसीसीच्या कॅम्पात पॉइंट टू-टूच्या पाच गोळ्या झाडायला मिळाल्या होत्या. मातीत पालथं पडून, उस्तादांच्या शिव्या खात. ती हौस तेव्हा तिथेच राहिली आणि टेक्सासमध्ये ग्रीन कार्ड हातात पडल्यावर पुन्हा उफाळून आली. व्हिडिओ बघून, दुकानात एकदा खांद्याला लावून पाहून मी पहिली कार्बाइन घेतली आणि आठ महिन्यांत तोट्यात विकून टाकली. बंदूक वाईट नव्हती, माझ्या अंगाला बसणारी नव्हती. त्यानंतर दोनेक वर्षं मी काहीच विकत घेतलं नाही. भाड्याने घेऊन आणि मित्रांच्या उसन्या मागून मारत राहिलो. ते सगळं इथे क्रमाने मांडतो आहे. अमेरिकेत राहणाऱ्या, कायद्याने बंदूक बाळगू शकणाऱ्या आणि कागदाच्या निशाणावर मारण्याची हौस असलेल्या मराठी माणसासाठी हे लिहिलं आहे.

पिस्तुलाच्या गोळीवर चालणारी, पण खांद्याला लावायची आखूड रायफल म्हणजे ही कार्बाइन. कल्पना जुनी आहे. विंचेस्टरची १८७३ ची लिव्हर रायफल आणि नंतर त्याच गोळीसाठी आलेलं कोल्टचं रिव्हॉल्व्हर घेतलं, की कंबरेच्या पट्ट्यात एकाच जातीची काडतुसं पुरत. आज त्या जागी ९ मिमी पॅराबेलम आहे. ऑस्ट्रियात जन्मलेल्या गेऑर्ग लुगरने जर्मनीत १९०२ च्या सुमारास ती बनवली. गोळी स्वस्त, सगळीकडे मिळणारी, आणि जिथे मोठ्या रायफली चालत नाहीत अशा बहुतेक बंदिस्त रेंजवरही चालणारी.

१. आधी व्हिसा बघा, बंदूक नंतर

हे पहिलं लिहितोय, कारण आपल्या लोकांना हेच माहीत नसतं. एच-१बी, एल-१, एफ-१, एच-४, बी-२ यांपैकी कुठल्याही बिगर-स्थलांतरित व्हिसावर असाल, तर संघीय कायद्यानुसार तुम्हाला बंदूक किंवा काडतूस बाळगता येत नाही. विकत घेणं तर सोडाच, रेंजवर तासाभरासाठी भाड्याने हातात घेणंसुद्धा ‘बाळगणं’ धरलं जातं. काही मोजके अपवाद आहेत. त्यांतला नेहमी वापरला जाणारा म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना. पण त्या वाटेने जायचं तर आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. शे-दोनशे डॉलर वाचवायला जाऊन ग्रीन कार्डाची रांग धोक्यात घालू नका.

ऑफिसची टीम आउटिंग रेंजवर असते, सगळे उत्साहात सही करतात, आणि काउंटरवरचा पोरगा व्हिसाचं विचारतोच असं नाही. त्याने विचारलं नाही म्हणून ते कायदेशीर होत नाही. भारतातून आलेल्या आई-बाबांचंही तेच. बाबांना कितीही वाटलं, ‘एकदा धरून फोटो काढू’, तरी ते बी-२ वर आहेत. माझ्या बाबांना हे पटवायला मला दोन दिवस लागले.

ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल तर पुढे वाचा. रायफल किंवा कार्बाइन दुकानातून घ्यायला संघीय वयोमर्यादा १८ आहे, पिस्तुलाला २१. राज्यांचे नियम यावर आणखी चढतात. न्यू जर्सीत खरेदीदाराचं ओळखपत्र आधी काढावं लागतं आणि मॅगझिन १० गोळ्यांपेक्षा मोठं चालत नाही. इलिनॉयमध्ये फॉइड कार्ड, म्हणजे राज्याचं बंदूकधारक ओळखपत्र लागतं. कॅलिफोर्नियात १० दिवस थांबावं लागतं. टेक्सासात यातलं काही नाही. म्हणून माझा अनुभव न्यू जर्सीतल्या एडिसनला जसाच्या तसा लागू करू नका.

२. पहिल्या दिवशी बरोबर काय न्यायचं

- सरकारी फोटो ओळखपत्र. ग्रीन कार्डवाल्यांनी ते कार्डही जवळ ठेवावं.
- कानांसाठी दुहेरी संरक्षण : आत फोमचे बोळे, वर इयरमफ. छपराखालच्या रेंजवर एकाने भागत नाही.
- डोळ्यांना संरक्षक चष्मा. नंबरचा चष्मा असेल तर त्याच्यावरून बसणारा.
- गळाबंद टी-शर्ट. रिकामी पुंगळी तापलेली असते आणि नेमकी कॉलरच्या आत जाते. तेव्हा माणूस हातातली बंदूक विसरून नाचायला लागतो, आणि धोका त्या नाचण्यात आहे.
- बंद बूट, वही, पेन आणि टेप.
- एक मित्र. बऱ्याच रेंज स्वतःची बंदूक नसलेल्या एकट्या माणसाला भाड्याने बंदूक देत नाहीत. कारण आत्महत्येच्या घटनांचं आहे, त्यामुळे वाद घालू नका.

स्वतःच्या गोळ्या नेणार असाल तर गोळीला चुंबक लावून बघा. चिकटलं तर तिच्यात लोखंड आहे, आणि बऱ्याच बंदिस्त रेंज त्या गोळ्या परत पाठवतात. भाड्याच्या बंदुकीत मात्र बहुधा त्यांच्याकडच्याच गोळ्या घ्याव्या लागतात, आणि त्या थोड्या महाग पडतात.

चार नियम पाठ हवेत. बंदूक नेहमी भरलेलीच आहे असं समजा. जे उडवायचं नाही त्याच्याकडे नळी वळवू नका. नेम लागेपर्यंत बोट चापाबाहेर. निशाणाच्या मागे काय आहे ते माहीत असू द्या. पहिल्यांदा जाताना तासाभराची शिकवणी घ्याच. ‘मला एनसीसीत येत होतं’ हे मीही म्हणालो होतो. प्रशिक्षकाने मला पाच मिनिटांत माझा डावा अंगठा कुठे चाललाय ते दाखवलं.

३. तुलना करायची तर सगळ्यांना एकच परीक्षा

पहिल्या वेळी माझं चुकलं ते इथे. एक बंदूक सकाळी ताज्या खांद्याने मारली, दुसरी दोनशे गोळ्यांनंतर, तिसरी नुसती दुकानात उचलून पाहिली. अशाने मत तयार होतं, तुलना होत नाही. नंतर मी एक साधी पद्धत ठरवली आणि प्रत्येक कार्बाइनला तीच लावली :

एकाच जातीची ११५ ग्रेन वजनाची गोळी. अंतर २५ यार्ड. आधी टेकू घेऊन दहा सावकाश. मग उभं राहून दहा. मग जवळच्या निशाणावर पाच जोड्या, फटाफट. शेवटी मॅगझिन भरणं, बदलणं आणि बंदूक रिकामी करणं, तीन वेळा. एका दिवशी दोनच बंदुका, आणि पुढच्या खेपेला क्रम उलटा. वहीत निशाणावर गोळ्या किती पसरल्या त्या घेराबरोबर आणखी दोन गोष्टी लिहायच्या : शंभराव्या गोळीला गाल आणि खांदा काय म्हणतो, आणि बंदूक परत देताना अजून एक मॅगझिन मारावंसं वाटलं का.

वही भरल्यावर एक गोष्ट स्पष्ट झाली. २५ यार्डांवर सगळ्यांच्याच गोळ्या चहाच्या बशीत बसतात. तुमच्या-माझ्यासारख्याच्या हातात अचूकतेवरून निवड होतच नाही. फरक पडतो तो धक्का, खांद्याला टेकणाऱ्या दस्त्याची लांबी, मॅगझिन आणि कळांच्या जागा यांनी. व्हिडिओवाले मात्र तासभर घेरच मोजत बसतात.

४. धक्क्याचं गणित आधी समजून घ्या

‘नऊ मिमी आहे, रायफलीसारखी जड, म्हणजे धक्का नसणार.’ मलाही असंच वाटलं होतं. पण बहुतेक स्वस्त आणि मध्यम किमतीच्या कार्बाइन साध्या ब्लोबॅक पद्धतीच्या असतात. त्यांत बोल्टला, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या धातूच्या ठोकळ्याला, कडी नसते. गोळी सुटेपर्यंत मागचं तोंड बंद राहतं ते फक्त बोल्टच्या वजनाने आणि स्प्रिंगने. कुकरच्या शिट्टीसारखं : वाफेला अडवतं ते शिट्टीचं वजन, कुलूप नाही. म्हणून तो बोल्ट जड असावा लागतो, आणि हा लोखंडाचा गोळा दर गोळीला मागे-पुढे धावतो. खांद्याला जे जाणवतं त्यात गोळीइतकाच या जड बोल्टचाही वाटा असतो. एआर-१५ रायफलीच्या (एआर) धर्तीवरच्या काही ब्लोबॅक नऊ मिमी बंदुका तर ५.५६ मिमीची रायफलची गोळी मारणाऱ्या एआरपेक्षा जास्त उसळतात, हे ऐकून मी हसलो होतो. एकाच दुपारी दोन्ही मारल्यावर हसू थांबलं.

महागड्या बंदुकांत बोल्टला खरोखर कडी असते किंवा त्याला उशीर करणारी युक्ती असते. सिग एमपीएक्समध्ये गॅसचा दट्ट्या आणि फिरून लागणारा बोल्ट आहे, हेक्लर-कॉखच्या एमपी-५ च्या घराण्यात बोल्टला उशीर करणारे रोलर आहेत, सीएमएमजीच्या बॅन्शीत फिरत उघडणारा बोल्ट आहे. यांत बोल्ट हलका ठेवता येतो आणि धक्का मऊ होतो. पैसे त्याचेच.

५. पाच कार्बाइन, माझ्या खांद्यावरून

रुगर पीसी कार्बाइन. २०१७ च्या अखेरीस आलेली. दिसायला साधी, जुन्या वळणाच्या लाकडी रायफलीसारखी, फक्त प्लास्टिकच्या दस्त्याची. वजन तीन किलोच्या वर, नळी १६ इंचांहून जराशी जास्त. बोल्टमध्ये टंगस्टनचं सरकतं वजन आहे, ते ब्लोबॅकचा ठोका बोथट करतं, आणि ते खरंच जाणवतं. मधून वळवून दोन तुकडे होतात, साध्या पिशवीत मावते. मॅगझिनची खाच बदलता येते : रुगरची स्वतःची किंवा ग्लॉक पिस्तुलाची. बोल्टची मूठ आणि मॅगझिनची कळ डाव्या बाजूलाही लावता येते. दस्त्यातल्या चकत्या काढल्या की लांबी कमी होते. माझी बायको पाच फूट एक इंच आहे. चकत्या काढल्यावर तिचा गाल नेमका जागेवर आला, आणि ती बंदूक मला परत मिळायला अर्धा तास लागला. नवशिक्याने मला एकच नाव विचारलं तर मी हेच सांगतो.

केल-टेक सब-२०००. २००१ पासूनची, वजन जेमतेम दोन किलो, आणि अर्ध्यात घडी होऊन साधारण १६ इंचांची. लॅपटॉपच्या बॅगेत राहील. दुकानात उचलली की प्रेमात पडाल, मीही पडलो. पण हलकेपणाची किंमत भौतिकशास्त्र वसूल करतं : बोल्टची नळी गालाखालीच आहे, आणि दोन किलोच्या बंदुकीचा ठोका तीन किलोच्या बंदुकीपेक्षा जास्त लागणारच. पन्नास गोळ्या मजेत, दीडशे नाही. जुन्या दोन पिढ्यांत वर रेड डॉट, म्हणजे नेमासाठी लाल ठिपका दाखवणारी काच लावली तर घडी होत नाही. तिसऱ्या पिढीत पुढचा भाग फिरतो, तिथे ही अडचण सुटली आहे. घडी घालण्याआधी चेंबर रिकामं आहे का ते बोट घालून बघा, दर वेळी.

स्मिथ अँड वेसन एफपीसी. २०२३ ची. हीसुद्धा घडीची, पण आडवी मिटते, त्यामुळे दुर्बीण जागेवर राहते. त्याच कंपनीच्या एम अँड पी पिस्तुलाची मॅगझिन चालतात, दोन जादा मॅगझिन दस्त्यात बसतात. पकड पिस्तुलासारखी असल्याने पिस्तूल मारणाऱ्याला लगेच आपलीशी वाटते. एम अँड पी आधीच घरात असेल तर बाकी तुलना करण्यात फार अर्थ नाही.

सीझेड स्कॉर्पियन. चेक कंपनीची. कळा दोन्ही बाजूंना, म्हणून डावखुऱ्यांची लाडकी. दस्ता बाजूला मिटतो. मॅगझिन तिची स्वतःची. तर्जनीच्या मुळाशी येणारी सेफ्टीची कळ अनेक जण बदलून छोटी लावतात. तुमच्या पंजाला ती लागते का, हे भाड्याच्या तासात कळतं, दुकानात कळत नाही.

सिग एमपीएक्स. मारायला या पाचांत सगळ्यांत गोड. पाच जोड्या मारताना लाल ठिपका निशाणावरून जवळजवळ हलला नाही. किंमत दोन हजार डॉलरच्या घरात, आणि मॅगझिनही महाग. यूएसपीएसए या अमेरिकी नेमबाजी संघटनेच्या सामन्यांत पिस्तूल-गोळीच्या कार्बाइनचा स्वतंत्र गट आहे. तिथे उतरायचं असेल तर हा खर्च समजू शकतो. महिन्यातून एकदा रविवारी कागद फोडायला मी तो करणार नाही. तेवढ्या पैशात रुगर आणि सात-आठ महिन्यांच्या गोळ्या येतात.

दुकानदार सांगत नाही असा हिशेब : एक मॅगझिन किती डॉलरला, आणि ते घरातल्या पिस्तुलात चालतं का? रेंजवर एका बैठकीत पाच-सहा मॅगझिन सहज लागतात. बंदुकीच्या किमतीत पाच मॅगझिन मिळवून मगच दोन बंदुकांची तुलना करा.

६. नेम जुळवताना फसवणारी दोन अंतरं

रेड डॉट नळीच्या अक्षापेक्षा वर बसतो, एआरच्या धर्तीवर जवळजवळ अडीच इंच. त्यामुळे २५ यार्डांवर जुळवलेली बंदूक सात यार्डांवर दोनेक इंच खाली मारते. नवखा माणूस लगेच स्क्रू फिरवायला लागतो. फिरवू नका, जवळ असताना थोडा वर नेम धरा.

दुसऱ्या टोकाला १०० यार्ड. लांब नळीमुळे ११५ ग्रेनच्या गोळीला वेग वाढून मिळतो, पण ती गोळी पिस्तुलाचीच राहते. ५० यार्डांवर जुळवली तर १०० वर साधारण अर्धा फूट खाली येते. आणि १४७ ग्रेनच्या जड गोळीला लांब नळीचा फारसा फायदा होत नाही.

आवाजाकडेही कान ठेवा. ‘ठॉ’ऐवजी ‘फुस्स’ झालं तर थांबा. दारू कमी पडून गोळी नळीतच अडकलेली असू शकते, आणि पुढची तिच्यावर आदळली तर नळी फुगू किंवा फुटू शकते. माझ्यासोबत हे एकदा झालं, कुणीतरी घरी भरलेल्या गोळ्या होत्या. शेजारच्या लेनमधल्या म्हाताऱ्याने ‘स्टॉप’ म्हणून ओरडून माझा हात वाचवला. चाप ओढूनही काहीच झालं नाही, तर नळी समोरच ठेवून तीसेक सेकंद थांबा, मगच बोल्ट मागे घ्या.

७. काउंटरवर : फॉर्म ४४७३

बंदूक घेताना दुकानात भरायचा संघीय फॉर्म तो हा. कागदपत्रं कमी लागतात, पण ती जुळावी लागतात.

- चालू पत्त्याचं ड्रायव्हिंग लायसन्स. घर बदललं असेल तर नव्या पत्त्याचा दुसरा सरकारी कागद, उदाहरणार्थ गाडीची नोंदणी.
- ग्रीन कार्ड. त्यावरचा यूएससीआयएस क्रमांक फॉर्ममध्ये भरायचा असतो.

आपला घोळ मधल्या नावाचा. ग्रीन कार्डावर वडिलांचं नाव पूर्ण, लायसन्सवर नुसतं आद्याक्षर, बँकेत तिसरंच. फॉर्मवर पूर्ण कायदेशीर नाव लिहा. मधलं नाव नसेलच तर ‘एनएमएन’. दुकानदार एनआयसीएसकडे, म्हणजे एफबीआयच्या पार्श्वभूमी तपासणीच्या यंत्रणेकडे, तपासणी लावतो आणि उत्तर येतं : पुढे जा, थांबा किंवा नाही. ‘थांबा’ आलं म्हणून घाबरू नका. मला तीनपैकी दोन वेळा आलं, एकदा तर पूर्ण तीन कामाचे दिवस.

गांजाचा प्रश्न काळजीपूर्वक वाचा. तुमच्या राज्यात तो कायदेशीर असला तरी संघीय कायद्याने सेवन करणारा अपात्र ठरतो. आणि ‘खरा खरेदीदार मीच’ ही ओळ. एच-१बीवरचा मित्र पैसे देतो, ‘तुझ्या नावावर घे ना, आपण दोघं वापरू’ म्हणतो. हा गंभीर संघीय गुन्हा आहे. मैत्री तुटली तरी चालेल.

नळी १६ इंचांपेक्षा आखूड आणि खांद्याचा दस्ता, अशी जोडणी घरी करू नका. १९३४ च्या कायद्याखाली तिला आधी वेगळी नोंदणी लागते.

८. घरी आणल्यावर

तिजोरी बंदुकीच्या आधी घ्या. घरात एच-४ वरची बायको, विद्यार्थी भाचा किंवा सहा महिन्यांसाठी आलेले सासू-सासरे असतील, तर किल्ली आणि आकडा फक्त तुमच्याकडे. हे मुलांच्या सुरक्षिततेसाठी आहेच, पण त्या मोठ्या माणसांच्या व्हिसासाठीही आहे.

रेंजवरून आल्यावर हात साबणाने आणि गार पाण्याने धुवा, कपडे लगेच मशीनला. हाताला, बाह्यांना शिसं लागलेलं असतं. गाडीत पोह्यांचा डबा उघडायचा मोह मला दर वेळी होतो. आता डबाच नेत नाही.

९. भारतात जाताना

रेंजच्या पिशवीतून कधीही प्रवास करू नका. कप्प्याच्या शिवणीत एखादी न उडवलेली गोळी राहते, इथल्या विमानतळावर कधी सुटते, कधी नाही. मुंबईला किंवा दिल्लीला क्ष-किरणात दिसली की शस्त्रास्त्र कायदा, १९५९ खाली गुन्हा दाखल होऊ शकतो. शिवाय ९ मिमी हा तिथे प्रतिबंधित बोअर आहे, सामान्य नागरिकाला त्याचा परवाना मिळत नाही. ‘चुकून राहिली’ हे सांगायला पोलीस ठाणं, मग वकील, मग तारखा, आणि सुट्टी संपलेली.

आमच्याकडे रेंजची पिशवी भडक नारिंगी आहे आणि ती गॅरेजमधल्या खिळ्याला टांगलेली असते. भारताच्या बॅगा भरायला काढल्या, की बायको आधी जाऊन ती खिळ्यावर आहे का ते बघते, आणि मग माझ्या जॅकेटचे खिसे उलटे करते. गेल्या डिसेंबरात एका खिशातून रिकामी पुंगळी निघाली. त्या जॅकेटला मुंबई बघायला मिळाली नाही.